दुसऱ्याच्या गाण्याखालचा खर्ज

मैफलीत आपले लक्ष गायकाकडे असते. तेथून ते थोडे ढळले, तर तबल्याकडे किंवा पेटीकडे जाते. तंबोऱ्याकडे मात्र ते जाते केवळ तंबोरा उतरला म्हणजे. जोवर तो सुरात आहे तोवर तो जणू ऐकूच येत नाही. आणि तरीही आपण बाकीचे सारे ऐकत असतो ते त्याच्याच आधाराने. पाश्चात्त्य गीतसंगीतातही असे एक वाद्य आहे, की जे चांगले वाजत असता कोणी त्याची दखल घेत नाही, आणि काढून घेतले असता गाणे एकदम पोरके वाटू लागते. त्या वाद्याचे नाव बेस. उभे धरून वाजवायचे, माणसाहून उंच असे डबल बेस हे त्याचे जुने रूप. खांद्याला अडकवायची बेस गिटार हे नवे.

ह्या वाद्याचा इतिहास सांगण्याचा आमचा हेतू नाही. आमचा प्रश्न जरा अवघड आहे. कोणी एकाने गीत रचले, चाल बांधली, आणि साधी लाकडी गिटार हाती घेऊन ते स्वतः गाइले. गाणे पुरे झाले. मग त्याने दुसऱ्याला बोलावून सांगितले, की ध्वनिमुद्रणात ह्याच्या खाली तुम्ही बेस वाजवा. ह्या दुसऱ्या माणसाने काय करावे? गाणे त्याचे नव्हे, शब्द त्याचे नव्हेत, दुःखही त्याचे नव्हे; आणि तरीही त्याच्या हातात अशी एक सत्ता येते, की जिचा त्या गीतकारालाही पुष्कळदा अंदाज नसतो. ही सत्ता कोणती आणि ती कशी वापरावी, एवढेच आज पाहावयाचे आहे.

वाद्य आणि त्याचे शास्त्र

प्रथम थोडे शास्त्र. गिटारीची सर्वांत जाड तार नेहमीच्या मेळात सेकंदाला सुमारे ८२ कंपने करते. बेसला सामान्यतः चारच तारा असतात, आणि त्या गिटारीच्या खालच्या चार तारांहून बरोबर एक सप्तक खाली मिळवलेल्या असतात. म्हणजे बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. तुलनेसाठी सांगावयाचे तर काळी एक पट्टीत मिळवलेल्या पुरुषी तंबोऱ्यातील खर्जाची तार सुमारे ६९ कंपनांची असते. बेस तिच्याही पुष्कळ खाली उतरतो.

येथे कोणी विचारील, की घरातल्या लहानशा रेडिओवर किंवा हातातल्या फोनवर एवढा खालचा स्वर उमटतच नाही. मग तो ऐकू कसा येतो? ह्याचे उत्तर आपल्या तंबोऱ्यातच आहे. खर्जाची तार छेडली असता तिच्यातून न छेडलेला गंधार ऐकू येतो, ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. कोणतीही तार केवळ एकच स्वर देत नाही. मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे उपस्वर तिच्यात मिसळलेले असतात. लहान यंत्रातून बेसचा मूळ स्वर येत नाही, पण हे उपस्वर येतात. आणि आपला कान त्यांच्यावरून हिशेब करून नसलेला मूळ स्वर मनात उभा करतो. म्हणून बेस वाजवणाऱ्याने आणि तो मुद्रित करणाऱ्यानेही केवळ खोली पाहून भागत नाही. तारेवर बोटाचा आघात कसा झाला, स्वराचा वरचा भाग किती स्पष्ट आहे, ह्यावर ते गाणे सामान्य घरात पोचेल की नाही हे ठरते.

१९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर ह्यांनी विजेवर चालणारी बेस गिटार बाजारात आणली. तिच्या दांडीवर पडदे बसवलेले असल्यामुळे स्वर हमखास जागेवर पडे. म्हणून त्यांनी तिला नाव दिले ते ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूकपणा. पुढे काही वादकांनी हे पडदे मुद्दाम काढून टाकले, कारण अचूकपणा लाभला तरी मींड गेली होती. सतार आणि सरोद ह्यांतला भेद जाणणाऱ्या आपल्या श्रोत्यांस ह्याहून अधिक सांगावयास नको.

अर्थ कोण ठरवतो?

आता त्या सत्तेकडे वळू. आपल्या संगीतात षड्ज एकदा ठरला की मैफल संपेपर्यंत हलत नाही. तंबोरा स्थिर, आणि त्याच्याशी प्रत्येक स्वराचे नाते पक्के. पाश्चात्त्य गीतात तसे नसते. तेथे गिटार तीन-चार स्वर एकदम वाजवते, ह्या स्वरसंघाला कॉर्ड म्हणतात, आणि त्या संघाचा पाया कोणता हे सर्वांत खालचा स्वर सांगतो. तो खालचा स्वर बेसच्या हाती असतो.

समजा, गिटारीवर सा, ग आणि प हे तीन स्वर एकत्र वाजत आहेत. बेसने खाली सा दिला, तर तो संघ घरी आल्यासारखा, स्वस्थ वाटतो. तेच तीन स्वर कायम ठेवून बेसने खाली ग दिला, तर त्याच स्वरांना पुढे जाण्याची ओढ लागते. एक पाय उचललेल्या माणसासारखी त्यांची अवस्था होते. आणि बेसने खाली ध दिला, तर सारा रंगच पालटतो: उजेडाची जागा सावली घेते. गिटार वाजवणाऱ्याचे बोट जागचे हललेले नाही, गाणाऱ्याने एकही स्वर बदललेला नाही, आणि तरीही त्या ओळीचा भाव बदलला. पेटी असलेल्या घरात हा प्रयोग कोणासही करता येईल: उजव्या हाताने सा-ग-प धरून ठेवावे आणि डाव्या हाताने खालचा एकेक स्वर बदलत जावे.

म्हणजे सर्वांत शेवटी आलेला, सर्वांत कमी ऐकू येणारा माणूस गीतकाराने म्हटलेल्या वाक्याचा अर्थ फिरवू शकतो. ‘मी सुखी आहे’ असे वर म्हटले जात असता खालून ‘हे खरे नव्हे’ असे सुचवणे त्याला शक्य असते. काही वेळा गीतकाराला नेमके हेच हवे असते. आणि काही वेळा त्याचे गाणे अशाने हिरावले जाते. म्हणून जाणते वादक प्रथम शब्द मागवून घेतात, स्वर मागाहून. गाणे कशाविषयी आहे हे ठाऊक नसता त्याच्या खालचा स्वर निवडणे म्हणजे पत्र न वाचता त्याखाली सही करण्यासारखे आहे.

दोन रीती, दोन उदाहरणे

हे काम दोन रीतींनी होते. एक, सर्वांनी एकत्र बसून एकाच वेळी वाजवणे. दुसरी, गीतकाराने आपले गाणे आधी मुद्रित करून ठेवणे आणि बेसवाल्याने ते कानावर घेत मागाहून आपला भाग त्यावर चढवणे. दोन्ही रीतींची उत्तम उदाहरणे उपलब्ध आहेत.

पहिले १९६८ सालचे. बेलफास्टचा तरुण गीतकार व्हॅन मॉरिसन ह्याने न्यूयॉर्कच्या सेंच्युरी साउंड ह्या स्टुडिओत ‘अ‍ॅस्ट्रल वीक्स’ ही ध्वनिमुद्रिका केली. निर्माते ल्युइस मेरेनस्टाइन ह्यांनी त्याच्या साथीला जॅझ संगीतातले मुरलेले वादक बोलावले, आणि बेससाठी आले रिचर्ड डेव्हिस. मॉरिसन वेगळ्या कक्षात उभा राहून गिटार वाजवीत गात होता. वादकांपुढे स्वरलेखनाचे कागद नव्हते, आणि गीतकाराने त्यांना काही समजावूनही सांगितले नाही. त्यांनी ऐकले आणि वाजवले. ह्या गाण्यांतल्या पुष्कळशांत स्वरसंघ अगदी थोडे आहेत, तेच ते पुन्हा येतात. आणि त्यामुळेच बेसला फिरावयास मोठे अंगण मिळाले. डेव्हिस गायकाच्या ओळीमागून चालतात, कधी तिला उत्तर देतात, कधी एकाच स्वरावर रेंगाळून तिला पुढे जाऊ देतात. ठुमरीतला सारंगिया गाणाऱ्याच्या पाठोपाठ जातो तशी ही चाल आहे, फक्त दोन सप्तके खालून. तंतुवाद्यांचा मेळ पुढे निराळा चढवला गेला; पण त्या ध्वनिमुद्रिकेचा कणा तो बेसच.

दुसरे उदाहरण १९७६ सालचे. कॅनडाच्या जोनी मिचेल ह्यांना लहानपणी पोलिओ झाला होता. डाव्या हातात पुरेसे बळ नसल्यामुळे त्यांनी गिटारीच्या तारा नाना निराळ्या मेळांत मिळवून वाजवण्याची आपली अशी रीत घडवली. तिच्यातून निघणारे स्वरसंघ नेहमीच्या नावांत बसत नसत. साथीचे बेसवादक सवयीने मूळ स्वराला चिकटून राहत, आणि त्यामुळे आपली गाणी खुंट्याला बांधल्यासारखी होतात, अशी त्यांची तक्रार असे. त्या वर्षी त्यांना जॅको पास्टोरियस हा पंचविशीच्या आतला वादक भेटला. त्याच्या बेसला पडदे नव्हते, त्यामुळे तो त्यावर गाऊ शके. मिचेल ह्यांच्या ‘हेजिरा’ ह्या ध्वनिमुद्रिकेतील नऊ गाण्यांपैकी चार गाण्यांत तो आहे. हेजिरा म्हणजे आपल्या ओळखीचा हिजरत हाच शब्द. ती गाणी बव्हंशी एकटीने केलेल्या लांबच्या मोटारप्रवासातून निघाली आहेत. शीर्षकगीतात तर त्याच्या बेसचे एकावर एक थर आहेत, आणि ते सारे एकदम वाजतात ते मोजक्याच जागी. तेथे बेस खाली बसून राहत नाही. तो वर येतो, गाणारीच्या खांद्याला खांदा लावून चार पावले चालतो आणि पुन्हा उतरतो.

ह्या दोन उदाहरणांवरून बेसने मुक्तपणे फिरावे असा नियम कोणी काढू नये. १९६७ साली नॅशव्हिल येथे बॉब डिलन ह्यांनी ‘जॉन वेस्ली हार्डिंग’ ही ध्वनिमुद्रिका अवघ्या तीन बैठकांत पुरी केली. बहुतेक गाण्यांत गिटार, माउथ ऑर्गन, ड्रम आणि चार्ली मॅकॉय ह्यांचा बेस, एवढाच सरंजाम. तेथे बेस सरळ पावले टाकीत चालतो, कथा सांगणाऱ्याला वाट करून देतो. त्या गाण्यांना तेच योग्य होते. नियम एकच निघतो: गाण्यात जी जागा मोकळी आहे तेथे जावे; जी भरलेली आहे तेथे जाऊ नये.

जागेची अडचण

ही जागेची गोष्ट केवळ अलंकारिक नव्हे, ती मोजता येते. लाकडी गिटारीच्या पोकळ पोटातली हवा सेकंदाला सुमारे शंभर कंपनांच्या आसपास विशेष घुमते. बेसचे पुष्कळसे काम ह्याच पट्ट्यात चालते. मायक्रोफोन जर गिटारीच्या भोकासमोर अगदी जवळ ठेवला, तर हा घुमारा आणखी वाढतो. कारण एका दिशेने ऐकणारा मायक्रोफोन वाद्याजवळ नेला की खालचे स्वर फुगवून घेतो. एकटी गिटार अशाने भरदार वाटते. परंतु तिच्याखाली बेस आला, की दोन्ही एकमेकांत कालवली जाऊन नुसता गदारोळ होतो. म्हणून अनुभवी ध्वनिमुद्रक मायक्रोफोन भोकासमोरून हलवून दांडी आणि पोट जेथे मिळतात त्या बाजूस नेतात, आणि मिश्रणाच्या वेळी गिटारीचा अगदी खालचा भाग थोडा उतरवतात. एकटी ऐकली तर ती आता किरकोळ वाटेल. बेससह ऐकली तर दोन्ही स्वच्छ.

अडचण आणखी वाढते ती गीतकाराने गिटारीच्या तारा उतरवून घेतल्या असता. इंग्लंडचा निक ड्रेक हा असे अनेक मेळ वापरी. त्याची जाड तार कधी कधी सेकंदाला ६५ कंपनांपर्यंत खाली येई. त्याच्या उजव्या हाताचा अंगठाच बेसचे अर्धे काम करून टाकी. १९६९ सालच्या त्याच्या ‘फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट’ ह्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत डॅनी टॉम्प्सन ह्यांनी डबल बेस वाजवला आहे. अंगठ्याने जे सांगितले तेच ते पुन्हा सांगत नाहीत. एक लांब स्वर धरतात, त्याखाली गिटारीचे बारीक काम चालू देतात, आणि वाक्य संपते तेथे दोन-तीन स्वरांनी दार लावून घेतात.

काळाची अडचण

मागाहून वाजवण्याच्या रीतीत जागेहून कठीण प्रश्न काळाचा आहे. एकटा माणूस गिटार घेऊन गातो तेव्हा त्याची लय घड्याळासारखी नसते. महत्त्वाच्या शब्दाआधी तो किंचित थांबतो. आवेगाच्या कडव्यात थोडा पुढे सरकतो. हे दोष नव्हेत. तो गाण्याचा श्वास आहे. आता त्या मुद्रित गाण्यावर कोणी घड्याळी लयीत बेस वाजवला, तर ते दोघे एकमेकांना ढकलीत राहतील, आणि श्रोत्याला वाटेल की गायकच चुकतो आहे. ह्यास उपाय दोन. गीतकाराने आरंभापासूनच कानात ठोक्याचे यंत्र लावून गावे; त्यात नेमकेपणा येतो, पण श्वास थोडा कोंडतो. किंवा बेसवाल्याने ते गाणे इतक्या वेळा ऐकावे, की गायक कोठे थांबतो हे त्याला पाठ व्हावे. कीर्तनातला झांजवाला बुवांचा चेहरा पाहून थांबतो. येथे चेहरा दिसत नाही, म्हणून पाठांतर हवे.

आज ही रीत फार पसरली आहे. गीतकार एका गावी, वादक दुसऱ्या देशी; गाणे तारेवाचून क्षणात इकडून तिकडे जाते, आणि वादक आपल्या घरात बसून बेस संगणकावर मुद्रित करून परत पाठवतो. सोय मोठी आहे. परंतु जे दोघे कधी एका खोलीत बसले नाहीत, त्यांच्यात एक संभाषण मुळातच कमी पडते, आणि ते मुद्दाम करावे लागते. कोणती ओळ तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची? कोठे मुळीच वाजवू नको? कोणता स्वर तुम्ही जाणूनबुजून मोकळा सोडला आहे? हे तीन प्रश्न विचारून घेतलेला वादक थोडे वाजवतो आणि ते उपयोगी पडते. शिवाय शहाणा वादक एकाऐवजी दोन भाग पाठवतो: एक साधा, एक थोडा फिरता. निवड ज्याचे गाणे त्याची.

न वाजवण्याची कला

सर्वांत कठीण भाग हा, की पुष्कळदा उत्तम बेस म्हणजे बेस नसणे. वर सांगितलेल्या ‘हेजिरा’मध्येच ‘अमेलिया’ नावाचे गाणे आहे. १९३७ साली पॅसिफिक महासागरावर नाहीशी झालेली वैमानिक अमेलिया इअरहार्ट हिला उद्देशून ते लिहिले आहे. त्यात बेस मुळीच नाही. पायाखाली जमीन नसलेल्या माणसाविषयीच्या गाण्याला खालून जमीन द्यावयाची नाही, असाच त्याचा अर्थ आम्ही लावतो. निक ड्रेकने आपली शेवटची ध्वनिमुद्रिका ‘पिंक मून’ १९७२ साली प्रसिद्ध केली, तीत त्याचा आवाज, त्याची गिटार आणि एके ठिकाणी थोडा पियानो, एवढेच आहे. कोणी कुशल वादकाने तीवर बेस चढवला असता तर ती अधिक भरलेली झाली असती; अधिक चांगली झाली असती असे आम्हांस वाटत नाही. बोलावून आणलेल्या वादकाने ‘ह्या गाण्यात माझी गरज नाही’ असे सांगणे ही त्याच्या विद्येची मोठी कसोटी होय. कारण तसे सांगितल्याने त्याची बिदागी बुडते.

बिदागी आणि श्रेय

बिदागीचा उल्लेख आलाच आहे तर तो पुरा करू. अशा वादकास बैठकीमागे ठरावीक रक्कम मिळते, आणि गाणे पुढे जगभर गाजले तरी पुष्कळदा तिच्यात भर पडत नाही. १९७२ साली लंडनमध्ये लू रीड ह्यांचे ‘वॉक ऑन द वाइल्ड साइड’ हे गाणे मुद्रित झाले. दोन स्वरसंघांवर झुलणाऱ्या त्या गाण्यात हर्बी फ्लॉवर्स ह्यांनी प्रथम डबल बेस वाजवला, आणि मग त्यावर दशमाच्या अंतराने दुसऱ्या बेसची ओळ चढवली. दोन वाद्ये वाजवली की दुप्पट मोबदला मिळे, असे त्याचे कारण ते स्वतः हसत सांगत. आणि एकूण रक्कम १७ पौंड. आज ते गाणे लोक ओळखतात ते शब्द सुरू होण्यापूर्वीच, त्या घरंगळणाऱ्या खर्जावरून.

मग ते गाणे कोणाचे? कायद्याचे उत्तर सामान्यतः असे, की ज्याचे शब्द आणि चाल त्याचे. परंतु हे उत्तर दर वेळी टिकत नाही. १९६७ सालच्या ‘अ व्हायटर शेड ऑफ पेल’ ह्या प्रसिद्ध गाण्यातील ऑर्गनची ओळ मॅथ्यू फिशर ह्यांची होती, आणि गाण्यावर नावे मात्र दुसऱ्यांची. त्यांनी दावा लावला. २००६ साली लंडनच्या न्यायालयाने त्यांना संगीताच्या हक्कात ४० टक्के वाटा दिला, २००८ साली वरच्या न्यायालयाने त्यांचा मोबदला नाकारला, आणि २००९ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तो पुन्हा मान्य केला. मागील चाळीस वर्षांचे पैसे मात्र त्यांना मिळाले नाहीत. साथीदाराची ओळ जेव्हा गाण्याची ओळख बनते, तेव्हा तिला साथ म्हणावे की रचना, हा प्रश्न ह्या निकालाने उघड्यावर आणला.

आपल्यालाही हा प्रश्न परका नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याहून आलेल्या किती तरी वादकांनी व्हायोलिन, ट्रंपेट आणि डबल बेस वाजवून आपली हयात घालवली. ती गाणी आपल्या घराघरांत आहेत. त्या वादकांची नावे तबकड्यांच्या वेष्टनांवर क्वचितच छापली गेली.

आम्हांस वाटते, की ह्याचे उत्तर कायद्याआधी सौजन्यात शोधावे. गीतकाराने आरंभीच ठरवून सांगावे, की नाव कोठे येईल, मोबदला किती, आणि वादकाच्या ओळीने गाण्याचे रूपच बदलले तर वाटा काय. वादकाने आपल्या बाजूने ओळखावे, की त्याला दुसऱ्याच्या घरात बोलावले आहे. तेथे त्याने दिवा लावावा, भिंती पाडू नयेत. ह्या दोन गोष्टी झाल्या तर भांडणाला फारशी जागा उरत नाही.

श्रोत्यांस आमची एकच विनंती आहे. आज घरी गेल्यावर आपल्या आवडीचे कोणतेही गाणे लावावे, पण ह्या वेळी गायकाच्या आवाजाकडे लक्ष देऊ नये. सर्वांत खालचा स्वर धरावा आणि शेवटपर्यंत त्याच्याबरोबर चालावे. तो कोठे थांबतो, कोठे बाजूला सरतो, कोठे दुसऱ्याला पुढे करतो हे पाहावे. मग पुन्हा एकदा ते गाणे नेहमीसारखे ऐकावे. ज्या शब्दांनी आजवर आपले मन हलत आले, त्यांना खालून हात देणारा कोणी होता हे एकदा कळले, म्हणजे ते शब्द काही उणे होत नाहीत. आपले ऐकणे मात्र अधिक होते.